इन्सुलिनच्या बाटलीतला वास

आईच्या इन्सुलिनच्या बाटलीला फिनेलसारखा वास येतो. पाथर्डीजवळच्या आमच्या वस्तीवर तिला सुई मीच द्यायचो. त्या वासाचं कधी काही वाटलं नाही. मग कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, की औषध टिकावं म्हणून त्यात फिनॉलच्या जातीचं रसायन घालतात. त्याच सुमारास तिच्या पोटावर सुईच्या जागी लाल होऊन खाजायला लागलं. झालं, डोक्यात भुंगा शिरला.

आमची डाळिंबाची बाग. माल तोडायच्या आधी फवारणी थांबवायची, औषधाचा अंश उतरू द्यायचा, हे हाडात भिनलेलं. तोच नियम मी आईला लावला. अधल्यामधल्या दिवशी सुई टोचायचो, पण रिकामी. तिला नीट दिसत नाही. कळायचं कारणच नव्हतं.

तिची तहान वाढली, पायाची जखम भरेना. नगरला दवाखान्यात दाखल केलं.

"आजी, सुई चुकते का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई वो. पोरगं स्वतःचं जेवन इसरंल, माजी सुई न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "मग हा डोस पुरत नाही. वाढवू."

पूर्ण डोस तिच्या अंगाला बऱ्याच दिवसांत सलग मिळालाच नव्हता. त्याच्याही वर दिला, तर साखर एकदम खाली जाणार. एवढं मला कळत होतं, तरी तोंड उघडेना. व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या. सिस्टर सुई भरून आत निघाल्या तेव्हा कुठे बोललो, "थांबा."

सगळं सांगितलं. आईच्या समोरच.

डॉक्टर चिडले, पण नीट बोलले. "अहो, बाटलीत सुई पुन्हा पुन्हा जाते. ते रसायन नसतं तर आत जंतू वाढले असते. प्रमाण अगदी थोडं, तपासून ठरवलेलं असतं. एखाद्याच्या कातडीला ते सोसत नाही. तसं असेल तर दुसरं इन्सुलिन बघू. मला विचारायचं होतंत. इन्सुलिन चुकवलंत, धोका त्यात होता."

आईनं माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "मी काय डाळिंब हाय का रं?"

सिस्टरना हसू आलं. मला नाही.

आता जखम भरत आलीय. सुई मात्र ती स्वतः घेते. बाटली डोळ्याजवळ धरून, सुईवरचा आकडा माझ्या बायकोला विचारून. मी पुढे झालो की म्हणते, "तू बस तिकडं."

मी बसतो. बसवत नाही.