पाशामियाँच्या हाताला वेढलेली दोरी

पाशामियाँ समुद्रात शिडाची होडी चालवतो, असं त्याच्या मुलीच्या पत्रात आलं तेव्हा मी ते पत्र दोनदा वाचलं. आधी वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. पण सोबत फोटो होता. निळं पाणी, त्यात एक बोटभर होडी, होडीत नारिंगी जाकीट घातलेला माझा दोस्त, आणि त्याच्या तोंडावर जालन्यात कधी न दिसलेलं हसू. नजर जाईल तिथवर दुसरं माणूस नव्हतं. मी तो फोटो गल्ल्यात उलटा घालून ठेवला आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो.

मला राग यायचं कारण साधं होतं. हा माणूस तीन वर्षांचा असताना पोलिओनं त्याचे दोन्ही पाय नेले. जुन्या जालन्यातली हातभर नाली ओलांडायलाही त्याला कुणाचा तरी खांदा लागायचा. आणि हा म्हणे समुद्रात!

आमची ओळख दोरीमुळं झाली. जुन्या जालन्यात माझं दोरखंडाचं दुकान. सुतळी, काथ्या, चऱ्हाट, जे मागाल ते. दुकानाच्या ओट्यावर पाशामियाँ ताडपत्र्या शिवायला बसायचा. मोंढ्यातले व्यापारी धान्याच्या थप्प्या झाकायला त्याच्याकडूनच ताडपत्री नेत. पाय काडीसारखे, पण हात असे, की मेणाच्या दोऱ्याचा टाका एकदा ओढला की ताडपत्री फाटेल, टाका उसवणार नाही. कुठं जायचं तर तीनचाकी सायकल, आणि सायकल जात नाही तिथं कुबड्या. मागे त्याची बायको रहिमाबी. अठ्ठ्याहत्तर साली लग्न झालं तेव्हापासून ही बाई त्याच्या दोन पावलं मागे चालत आली. "धरा, धरा, भिंत धरा," हे तिचं गल्लीभर ऐकू यायचं. त्याची कुबडी दगडावर घसरली की तिचा जीव वरखाली व्हायचा. पाशामियाँ मात्र कधी घाबरल्याचं दाखवत नसे. "काय होतंय? पडलो तर पडलो," म्हणायचा, आणि आम्ही त्याला वाघ म्हणायचो.

वाघ म्हणायला कारणही होतं. शहाऐंशीच्या वैशाखात दुपारी अशी वावटळ उठली, की मोंढ्यातले हमाल जीव घेऊन आडोशाला पळाले. उघड्यावर सरकीची मोठी थप्पी होती, तिच्यावरची ताडपत्री फडफडायला लागली. पाशामियाँ तिचं एक टोक शिवत बसला होता. पळणार कुठं? त्यानं दोरीचे दोन वेढे पंजाला मारले आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. वारा वाढला की हा आणखी आवळायचा. अर्ध्या तासानं आम्ही गेलो तर दोरी मांसात रुतलेली, आणि हा तसाच बसलेला. सरकीचा एक दाणा उडाला नाही. वारा आला की आवळायचं, ही आमच्या मोंढ्याची रीतच. मी दोरी विकणारा, मीही गिऱ्हाइकाला दुसरं काही शिकवलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी बदरुन्निसा नर्स झाली आणि ऑस्ट्रेलियात नोकरीला लागली. आईवडिलांना बोलवायला तिनं तीन वर्षं कागद नाचवले. नव्याण्णव साली दोघं गेले. स्टेशनवर मी त्याला म्हणालो, "तिकडं ताडपत्री कोण शिवून घेणार तुझ्याकडून?" तो हसला. मला मात्र गाडी हलल्यावर रडू आलं, हे इथं लिहूनच टाकतो.

पुढचं मला कळलं ते दोन हजार तीन साली, पुतणीच्या लग्नाला दोघं जालन्याला आले तेव्हा. दुपारी माझ्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. अर्धं त्यानं, अर्धं तिनं.

मुलीचं गाव समुद्रकाठी होतं. धक्क्याजवळ एक क्लब होता, बड्या लोकांचा नव्हे. ज्यांचे हात, पाय, डोळे नीट चालत नाहीत, अशांसाठी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी चालवलेला. वर्गणी नावाला. होड्या लहान, दोन माणसं शेजारीशेजारी बसतील एवढ्या. पाय लागतच नाहीत. समोर एक दांडा, तो उजवीडावीकडं केला की होडी वळते, आणि हातात शिडाची दोरी. होडीच्या पोटाखाली शिशाचं वजन, त्यामुळं सहसा उलटत नाही. धक्क्यावरून होडीत बसवायला कापडाचा झोळा आणि वर कप्पी.

"पहिल्या दिवशी मला त्या झोळ्यात घालून उचललं," पाशामियाँ म्हणाला, "मोंढ्यात पोतं उचलतात ना, बराबर तसं. खाली पाणी हिरवंगार. तळ दिसंना, पुंजाराम. पण होडीत बसलो, दोरी हातात आली, वारा भरला, अन् होडी निघाली. मागं वळून पाह्यलं तर मागं कुणीच न्हाई. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्यामागं कुणी न्हाई."

त्यानंतर दर शनिवारी तो निघायचा. शिकवणारी एक निवृत्त मास्तरीण होती. ती एकच गोष्ट घोकून घ्यायची: वारा जोरात आला की दोरी सोडायची, शीड मोकळं झालं की होडी आपोआप सरळ होते. पाशामियाँ मान हलवायचा. शांत खाडीत सोडण्याची वेळच येत नसे.

आणि रहिमाबी? ती धक्क्यावर उभी. तिला पोहता येत नव्हतं, त्यालाही नव्हतं. तो गेल्यापासून परत येईपर्यंत ती शिडावरून नजर काढत नसे. दोन शिडं एकमेकांआड गेली की ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावायची. घरी आल्यावर तिची पोळी तव्यावर नीट पडायची नाही. एका शनिवारी वारा पडला आणि सगळ्या होड्या खाडीच्या तोंडाशी अडकल्या. दोन तास उशीर झाला. मास्तरीण खुशाल कॉफी पीत होती. रहिमाबी फळ्यांवर खाली बसली ती बसलीच, दुवा पढतापढता तिला शब्द आठवेनात. तो सुखरूप आला, दोघं घरी गेली. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "आता बास. हे बंद करा, न्हाई तर मी जालन्याला चालले. तुमची मय्यत पाह्याला मी इतक्या लांब आल्ते का?"

पाशामियाँला माहीत होतं, ही बाई उगाच बोलत नाही. तो गयावया करून म्हणाला, "एक डाव माझ्यासोबत बस. फकस्त एक डाव. मंग तू म्हणशील ते. सोड म्हणशील तर सोडून देतो, कसम घेतो."

ती बसली. धक्का उंच, होडी खाली, म्हणून तिलाही झोळ्यातूनच उतरवलं, तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले होते. खाडीत शिरल्यावर तिनं एका हातानं होडीची कड धरली, दुसऱ्या हातानं त्याची बाही. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग भूशिराच्या पलीकडं पाणी एकदम काळं पडलं. त्या काळ्या पाण्याचा अर्थ पाशामियाँला कळत होता. तिकडून वारा येत होता.

आता पुढचं सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"मला सगळं पाठ होतं, पुंजाराम. वारा आला की सोड. तोंडानं म्हणून पण राह्यलो होतो, सोड, सोड. पण हातानं ऐकलं न्हाई. हातानं दोन वेढे मारले अन् वढून धरलं."

शीड आवळलं गेलं, होडी कुशीवर कलंडली. तो जितका ओढेल तितकी ती आणखी कलत होती, आणि जितकी कलेल तितका तो ओढत होता. पाणी काठावरून आत आलं, रहिमाबीच्या मांडीपर्यंत. ती खालच्या अंगाला होती. तिचा खांदा पाण्याला टेकला. ती ओरडलीसुद्धा नाही, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पाशामियाँला एवढंच समजत होतं, की ही बुडणार, आणि मीच बुडवतो आहे, आणि माझा हात माझा राहिलेला नाही. दोरी वेढ्यात आवळली होती. बोटं निळी पडली होती.

"मी यांच्याकडं पाह्यलं," रहिमाबी मधेच म्हणाली. ती सुपारी कातरत बसली होती. "अन् मला आवाज फुटला. म्हटलं, सोडा! सोडा हो!"

जी बाई तेवीस वर्षं 'धरा' म्हणत आली, ती सोडा म्हणत होती. तरी हात सुटेना. मग तिनं स्वतः कड सोडली. जिच्या आधारानं ती होडीत टिकून होती तीच कड. दोन्ही हातांनी तिनं त्याची मूठ धरली आणि एकेक बोट उलगडलं. करंगळी आधी. अंगठ्याचं नख तिला लागलं, रक्त आलं, तिला कळलंही नाही. शेवटचा वेढा निघाला तशी दोरी सणसणत गेली, शीड फडफडलं, आणि होडी मुकाट्यानं सरळ झाली. मदतीला निघालेली मास्तरणीची मोटारबोट तोवर निम्म्या वाटेवर होती.

धक्क्यावर आणल्यावर पाशामियाँ लहान पोरासारखा रडला. जाकीट काढून त्यानं फळीवर टाकलं आणि म्हणाला, "तूच खरी. खतम. आता न्हाई जायचं." तो मनापासून म्हणत होता. आता त्याला पाण्याकडं बघवतही नव्हतं. आणि रहिमाबीला जे हवं होतं, ते न मागता मिळालं होतं.

ती ओल्या कपड्यांत कुडकुडत थोडा वेळ बसली. मग उठून मास्तरणीकडं गेली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिनं बोटांनी सांगितलं: पुढचा शनिवार, दोघं.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी ओट्यावरून ओरडलो, "भाभी, तुम्हाला येड लागलं का? सुटला होता ना तो? बंद झालं होतं ना सगळं? अन् तुम्हीच परत?"

"दोन वरीस झाले, भाऊ. एक शनिवार चुकला न्हाई," ती म्हणाली. "आता दोरी माझ्या हातात असती. वारा आला की मी सोडते."

"अन् भीती?"

"लई वाटती. आजबी झोळ्यात डोळे मिटते."

"मंग कशाला जाता?"

तिनं अडकित्ता खाली ठेवला. पाशामियाँ समोरच्या गल्लीकडं बघत बसला होता, जणू त्याच्याबद्दल चाललंच नव्हतं.

"तेवीस वर्षं मी यांच्या मागं चालले," ती म्हणाली. "मागून पाठ दिसती. पाठ तर वाघाचीच. मला वाटायचं, यांना कशाचं भ्याव न्हाई, एकटी मीच भिऊन राह्यले. त्या दिवशी पहिल्यांदा बाजूला बसले अन् तोंड पाह्यलं. भाऊ, हे माझ्यापेक्षा जास्ती भ्यालेले होते. अन् तुम्हाला काय वाटतं, फकस्त त्या दिवशी? मी इचारलं मंग घरी. तर म्हणले, रोज. नाली वलांडताना पण. लगीन झाल्यापासून रोज."

मी पाशामियाँकडं पाहिलं. तो अजून गल्लीकडंच बघत होता, पण त्याचे डोळे भरले होते. वाघ वाघ म्हणून आम्ही त्याला कितीदा चढवलं होतं.

"आता यांना एकट्याला कसं भिऊ देऊ?" रहिमाबी म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातावर सुपारी ठेवली.