दारातली पांढरी गाडी

सरांनी मला मारण्याआधी माझ्या अंगावरचा एप्रन काढून घेतला. एप्रन त्यांचा होता. त्यावरचे रक्त माझे होते.

बटणे सोडवण्याइतका धीर त्यांना नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी कॉलर धरली आणि ओढली. बटणे फरशीवर उडाली. माझा एक हात बाहीत अडकला आणि मी तसाच गुडघ्यांवर आलो. मग त्यांनी मारले. उघड्या पंजाने, कानाखाली. पुन्हा एकदा, त्याच जागी. नंतर एप्रन उंच धरून ते समोरच्या गर्दीला म्हणाले, "हा डॉक्टर नाही. वॉर्डबॉय आहे. माझा एप्रन चोरून घातला ह्याने."

गर्दीतून कोणी तरी ओरडले, "हान अजून त्याला!"

सरांनी गर्दीचे ऐकले. तिसरी थप्पड बसली तेव्हा माझा ओठ दातात सापडून फाटला. ते वाकले. फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "दाखवलीस ना शेवटी जात?"

कल्याण पूर्वेला, त्यांच्या नर्सिंग होमच्या दारात, भर दुपारी हे घडले.

मी वॉर्डबॉय नव्हतो. असतो तरी मार खाण्याचे ते कारण झाले नसते. पण नव्हतो. मी सरांचा फिजिशियन असिस्टंट होतो. डॉक्टरच्या हाताखाली काम करणारा पदवीधर साहाय्यक. ही पदवी मी पस्तिशीत मिळवली. आमचे घर आंबिवलीचे. वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, आणि मी एका पॅथॉलॉजीत काचेच्या नळ्या धुऊ लागलो. नळ्या धूत धूत शिकलो. वर्गातली मुले मला काका म्हणत. मी मागच्या बाकावर बसे आणि उत्तर येत असूनही हात वर करत नसे. अजूनही बोलण्याआधी मी वाक्य मनात जुळवून घेतो. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

कायदा मात्र मला तोंडपाठ होता. तो अवघड नाही. साहाय्यकाने एकट्याने रोगी पाहायचा नाही. निदान डॉक्टरचे, उपचार ठरवणे डॉक्टरचे. साहाय्यकाने जे करायचे ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि त्याची जबाबदारी डॉक्टरवर. आमच्या अभ्यासक्रमात हा भाग शिकवायला सर स्वतः पाहुणे म्हणून आले होते. "तुम्ही म्हणजे माझा तिसरा हात," ते म्हणाले होते. "हाताने चूक केली तर शिक्षा माणसाला होते, हाताला नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

एका डॉक्टरने किती साहाय्यकांवर देखरेख करावी आणि किती लांबून करावी, हे मात्र मला कुठेच लिहिलेले सापडले नाही. त्या न लिहिलेल्या ओळीवर सरांनी तीन नर्सिंग होम उभी केली होती. एक टिटवाळ्याला, एक कल्याण पूर्वेला, एक शीळफाट्याला. तिन्ही ठिकाणी रोगी भरती. तिन्ही ठिकाणी एकेक साहाय्यक. सर एकच.

आणि तिन्ही ठिकाणी दारात एकेक पांढरी गाडी. एकाच कंपनीची, एकाच बनावटीची. सर कुठेही असोत, गाडी दारात उभी असे. ती रोज सकाळी धुवायची. हातभर मागेपुढे करायची, म्हणजे चाकाखाली पाला साचत नाही आणि गाडी आत्ताच आल्यासारखी दिसते. हे काम वॉर्डबॉयला देत नसत. कल्याणच्या गाडीची किल्ली माझ्याकडे होती. हा विश्वास आहे, असे मला सांगण्यात आले होते. रोग्याच्या नातेवाइकाने विचारले की काउंटरवरून ठरलेले उत्तर येई, "गाडी दिसतेय ना दारात? सर आत आहेत."

लोक फारच अस्वस्थ झाले तर मी सरांचा एप्रन घालून व्हरांड्यातून चालत जायचे. छातीवर निळ्या दोऱ्याने सरांचे आडनाव भरलेले होते. कारभार सरांचा मेहुणा पाही. पहिल्याच दिवशी त्याने मला समजावले होते, "बोलायचं नाही. कोणी नाव विचारलं तर छातीवर बोट ठेवायचं. तुझं आडनाव ऐकलं ना, तर अर्धे पेशंट सलाईन उपसून पळतील." आणि तो हसला होता. मीही हसलो होतो. हसण्यासाठी वाक्य जुळवावे लागत नाही.

त्या दिवशी शीळ रस्त्याकडच्या एका गावातले म्हातारे बाबा आले. जमिनींवर इमारती झालेल्या, घर तीन मजल्यांचे, तरी उरलेल्या तुकड्यात स्वतः वांगी लावणारा माणूस. दोन मुलांनी त्यांना दोन्हीकडून धरून आणले. बाबांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि त्यांची मूठ छातीवर होती. मी ईसीजी काढला. तो कोणालाही कळला असता. मी तो मोबाइलवरून सरांना पाठवला आणि फोन लावला. सर शीळफाट्याला होते.

"हलवू नकोस," सर म्हणाले. "ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलंस की हे लोक परत येत नाहीत. मी निघालोच."

"सर, त्यांना आत्ता डॉक्टरची गरज आहे."

"मग एप्रन घाल आणि दिस त्यांना."

मी एप्रन घातला. सरांनी फोनवरून सांगितलेली औषधे दिली. बाबांचा चेहरा राखेसारखा होत गेला. मी पुन्हा फोन केला. त्यांच्या पाठीमागे हॉर्न वाजत होते. सर म्हणाले, "सांग, सर ऑपरेशनमध्ये आहेत." आणि फोन बंद झाला.

मोठा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आडव्या हाडाचा माणूस, पण आवाज रडवेला. "डाक्टर, बापूस थंड पडतंय आमचा. तुमी कवाधरनं फोन फोन फोन. हात लावा ना त्याला. तुमी डाक्टर हाव ना?"

मी छातीवर बोट ठेवायचे होते.

पलंगावरून बाबा माझ्याकडे पाहत होते. मुलाकडे नाही, माझ्याकडे. त्या नजरेत पूर्ण भरवसा होता, आणि तो त्या निळ्या दोऱ्यावर होता. या वेळी वाक्य जुळेपर्यंत मी थांबलो नाही.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. "सर इथे नाहीत. दारातली गाडी खोटी आहे. ह्यांना आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्या."

"गारी खोटी?" मोठ्या मुलाने विचारले. त्याने दाराकडे पाहिले. गाडी नुकतीच धुतलेली होती, उन्हात चमकत होती. "मंग तू कोन?"

धाकट्याने बापाला दोन्ही हातांवर उचलले आणि तो आपल्या गाडीकडे धावला. मोठा थांबला. तोवर गावातली माणसे आली होती. त्याने सलाईनची लोखंडी काठी उपसली. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा बरगडीवर. आतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला, तो मला बाहेरून ऐकू आला. "डाक्टर नाय, तर ह्यो घातलास कनाला? आं? कनाला घातलास?" प्रत्येक प्रश्नाबरोबर एक घाव. माझ्याजवळ उत्तर होते, पण तोंडात रक्त होते. त्यांनी मला पायाला धरून व्हरांड्यातून दारापर्यंत ओढत आणले. कोणी तरी फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉक उचलून पांढऱ्या गाडीच्या काचेवर घातला. काच आत कोसळली तेव्हा गर्दीने आरोळी ठोकली.

तेवढ्यात सर आले. रिक्षाने. मागच्या गल्लीत उतरून स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरले, आणि पुढच्या दाराने असे बाहेर आले, जणू सकाळपासून आतच होते. केस विंचरलेले. पडल्या पडल्या मला सगळ्यांत आधी त्यांचे बूट दिसले. मला हायसे वाटले. मला वाटले, आता सर सांगतील. तिसरा हात म्हणाले होते ना ते. आता म्हणतील, ह्याला सोडा, हा माझा माणूस आहे, मला विचारा.

त्यांनी कॉलर धरली. पुढचे सुरुवातीला लिहिलेच आहे.

गावकऱ्यांच्या माराने माझी बरगडी मोडली. तो मार मी समजू शकतो. त्यांचा बाप मरत होता, आणि त्यांना फसवणाऱ्याचा एप्रन माझ्या अंगावर होता. सरांच्या थपडांनी काही मोडले नाही. पण त्या मी विसरणार नाही. सरांना राग आलेला नव्हता. हिशोब करून मारलेल्या थपडा होत्या त्या.

बाबा ठाण्याला पोहोचले नाहीत. मुंब्रा बायपासवर, धाकट्या मुलाच्या मांडीवर गेले. म्हणजे त्यांची गाडी शीळफाट्यावरून गेली, सरांच्याच नर्सिंग होमसमोरून. आणि सरांची रिक्षा त्याच रस्त्याने समोरून कल्याणकडे येत होती. डॉक्टर आणि त्यांचा रोगी एकमेकांच्या बाजूने निघून गेले. कोणीही कोणाला पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावले. छातीला पट्टा बांधलेला होता, श्वास अर्धाच जात होता. सर खुर्चीत होते, मेहुणा टेबलाला टेकून. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला बस म्हणाले नाहीत.

"हे बघ बाळ," सर म्हणाले. आदल्या दिवशीचा आवाज पार गेला होता. "चौकीत तुझा जबाब घेतील. तू सांगायचंस, एप्रन मी माझ्या मनाने घातला. सरांना काही कळवलं नाही. वकील मी देतो. चार-सहा महिन्यांत बाहेर येशील. मी आत गेलो तर तीन हॉस्पिटलं बंद पडतील. समाजाचं केवढं नुकसान, विचार कर. तू शिकलेला आहेस."

मी मनात वाक्य जुळवत होतो. त्यांना ती संमती वाटली असावी. ते मोकळेपणाने, जवळजवळ मायेने म्हणाले, "आणि तुमच्या लोकांना पोलीस काही नवीन नाहीत. आमच्या घरात आजवर कोणी चौकीची पायरी चढलेलं नाही रे."

माझ्या वडिलांनीही कधी चढली नव्हती. आजोबांनीही नाही. आमच्या घरात पोलिसांच्या भीतीने कोणी चढ्या आवाजात बोलतसुद्धा नसे. माझा हा लहान आवाज तिथूनच आला आहे. लाजाळूपणा म्हणून मी जो आयुष्यभर जपला, तो लाजाळूपणा नव्हता. पिढ्यानपिढ्या गळ्यावर असलेला हात होता तो. केबिनमध्ये, अर्ध्या श्वासावर उभे राहून, मला हे कळले. पदवीने कळले नव्हते.

"नाही, सर," मी म्हणालो.

"काय नाही?"

"तसं सांगणार नाही. मी तुम्हाला फोन केले. तुम्ही त्यांना हलवू नकोस म्हणालात. तेच सांगीन."

मेहुण्याने माझे मनगट पकडले. उजव्या हाताचे. टेबलाचा वरचा खण उघडाच होता. त्याने माझी बोटे खणाच्या कडेवर ठेवली आणि मांडीने खण आत ढकलला. मी ओरडलो. आयुष्यात प्रथमच इतक्या मोठ्याने ओरडलो असेन. तो माझा आवाज होता, हे कळायला मलाच वेळ लागला. "परत बोल," मेहुणा म्हणाला. "बोल की, डॉक्टरसाहेब!" सर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांची देखरेख तेव्हा चालू होती. खोलीत होते ते, दोन हातांच्या अंतरावर.

मी परत बोललो. तेच.

चौकीत बाबांचा मोठा मुलगा बाकावर बसला होता. हवालदाराने विचारले, "नाव?" मी पूर्ण नाव सांगितले, आडनावासकट, तो पुन्हा विचारणार नाही इतक्या मोठ्याने. मग सगळे सांगितले. गाडी, एप्रन, फोन, बाबांना ठाण्याला न पाठवण्याचे कारण. हवालदाराचे पेन मध्येच थांबले. "अहो, ह्यात तुम्हीपण अडकताय. कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

मोठा मुलगा उठला. "म्हंजी तुला म्हायती व्हता? पयल्यापासनं म्हायती व्हता?" त्याने माझ्या सुजलेल्या तोंडावर मुठीने मारले. हवालदार मध्ये पडला. मी हात वर केला नाही. तो प्रश्न बरोबर होता. त्याने मला क्षमा केलेली नाही, आणि मी ती मागितलेली नाही.

आज गुन्ह्यात माझे नाव पहिले आहे. सरांच्या नावापुढे चौकशी सुरू आहे असे सांगतात. त्यांची तिन्ही नर्सिंग होम चालू आहेत. उजव्या हाताची दोन बोटे आता मिटत नाहीत, म्हणून हे मी डाव्या हाताने लिहिले आहे. अक्षर वाईट आले आहे. निरोप येतात. कधी मेहुण्याकडून, कधी शिकलेल्या, सभ्य माणसांकडून. अजून वेळ गेलेली नाही, मोठ्या माणसाशी वैर बरे नव्हे, जबाब फिरव. मी प्रत्येकाचे शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि दार लावतो.

खटला उभा राहील तेव्हा मला आरोपीच्या पिंजऱ्यात बोलावतील. मी जाईन. माझ्या वाट्याची शिक्षा मी घेईन, तीत एक दिवसही कमी करून मागणार नाही. पण त्या पिंजऱ्यात दोन माणसे मावतात. दुसरी जागा सरांची आहे. ती मी रिकामी राहू देणार नाही.