अंगठ्यांचं एकमत

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी लिहायचं आणि तेही कुणाला नावं ठेवायला, हे आगाऊपणाचं वाटेल, माफ करा. पण काल होस्टेलच्या मेसमध्ये जेवताना शेजारी बसलेल्या महेशकडे बघत होतो. एका हाताने घास मोडत, न वाचताच तो फोनवर आमच्या मेसच्या ग्रुपमधल्या प्रत्येक निरोपाला अंगठा दाखवत होता. मला किळस आली.

आमची मेस आठला बंद करायची की नऊला, हे ठरायचं होतं. दुकानातलं काम संपवून मी साडेआठला येतो. आठला बंद झाली तर मी उपाशी. परवा सगळे समोर बसले होते तेव्हा महेशच म्हणाला होता, "लेका, तुझं ताट आम्ही राखू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी म्हणालं, पक्कं ग्रुपवर करू.

समोरच्या माणसाची भूक डोळ्यांना दिसते, नाही म्हणताना जीभ अडते बहुधा. अंगठ्याला तेवढीही लाज नसते.

दुकानात फोन बघू देत नाहीत. आज आलो तर मेसला कुलूप. वॉचमनकाका म्हणाले, "आठलाच बंद. सगळ्यांचं एकमत झालं म्हणे. बोलले नाहीत त्यांचाही होकार धरला."