नंदाच्या घटस्फोटाचा कागद

माझ्या धाकट्या बहिणीचा घटस्फोट मी स्वतःच्या हातांनी तापी नदीत सोडला. सोबत एक नारळ होता.

नारळ आईने आणला होता. बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नंदाला दिलं होतं शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. नवऱ्याचं नाव भगवान. आठ महिन्यांत एक दिवस दोघांचं पटलं असेल तर शपथ! शेवटी फारकत झाली, आणि नंदाला एसटीने पुढे पाठवून, कागद घेऊन मी, आई आणि नंदाचं सामान असे धुळ्याला परत निघालो. पूल आला तशी आई म्हणाली, "विलास, गाडी थांबव. हा कागद घरात राहिला तर पोरीचं पुन्हा काही जुळायचं नाही. सोड पाण्यात."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. अंधश्रद्धेवर माझं दरवर्षी भाषण असतं. "आई, कागदाला काय कळतंय!" असं मी ठणकावून सांगितलं आणि गाडी थांबवली. (आईने माझ्याकडे नुसतं बघितलं होतं. ते बघणं ज्यांना माहीत आहे ते मला हसणार नाहीत.)

पुढे बारा वर्षं त्या कागदाची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. नंदा धुळ्यातच, देवपुरात, एका शाळेत बालवर्गाला शिकवू लागली. दोन-तीन स्थळं आली, "घटस्फोटित" ऐकून परत गेली. मग जळगावचे प्रकाशभाऊ आले. विधुर, शांत माणूस, औषधांचं दुकान. नंदा त्यांच्याशी फोनवर बोलताना हसायची. आमच्या घरात तो आवाज इतक्या वर्षांनी ऐकून आई देवापुढे दोन-दोन उदबत्त्या लावायला लागली. लग्न साधं, नोंदणी पद्धतीने करायचं ठरलं. तारीख मिळाली शुक्रवारची.

आणि सोमवारी संध्याकाळी प्रकाशभाऊंचा फोन आला. "विलासराव, ऑफिसात नंदाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल लागणार आहे. तुमच्याकडे असेलच."

"असणारच ना! एकदम सुरक्षित आहे," मी म्हणालो. (माशांनी हात लावला नसेल तर.)

तेवढ्यात पलीकडून फोन त्यांच्या मोठ्या बहिणीने घेतला. त्यांना सगळे अक्का म्हणतात आणि घाबरतात. "हे बघा सर, आमच्या गल्लीत एकाने असंच घाईत लग्न केलं, आणि जेवणाच्या पंगतीत बाईचा पहिला नवरा येऊन बसला! कागद मी स्वतः वाचणार. शुक्रवारी कागद नसला तर लग्न नाही. पुढची तारीखही नाही. स्पष्ट सांगितलेलं बरं!"

मी मागे वळलो तर दारात नंदा. "दादा, कागद काढ."

आता मी म्हणजे कागद जपणारा माणूस. विकून टाकलेल्या स्कूटरच्या विम्याचे कागद माझ्याकडे आहेत. मी कपाट उघडलं, एकेक फाइल काढली, झटकली, परत ठेवली. वीज बिलं झाली, मिक्सरची वॉरंटी झाली, माझी नववीची प्रगतिपुस्तिकाही निघाली. "इथेच होता बघ, आत्ता होता," असं बारा वर्षांपूर्वी बुडालेल्या कागदाबद्दल मी बोलत होतो. नंदा बघत होती. आणि आमच्या आईला नेमकं त्याच क्षणी खरं बोलायची बुद्धी झाली. "अगं नंदे, तो तर आम्ही तापीत सोडला ना! विलासनेच सोडला."

नंदा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कधी नव्हे ते माझं काहीतरी नीट होत होतं, दादा." मला इतकी लाज वाटली की मी नववीची प्रगतिपुस्तिका हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

"रडू नको," मी म्हणालो. "उद्याच्या उद्या कोर्टातून दुसरी नक्कल आणतो. कोर्टातला कागद काय हरवतो होय!"

मंगळवारी शाळेत रजा टाकून पहाटेची एसटी धरली. शिरपूरचं तालुक्याचं कोर्ट, नक्कल विभाग, खिडकीपाशी एक चष्मेवाला लिपिक. भला माणूस. त्याने अर्ज पुढे सरकवला. "केस नंबर?"

"तेवढा नाही माझ्याकडे."

"साल?"

"बारा वर्षं झाली. किंवा तेरा. अकराही असतील."

"वकील कोण होते?"

"ते... एक होते."

लिपिकाने अर्ज परत ओढून घेतला आणि स्वतःच लिहायला लागला. तीन वर्षांची रजिस्टरं शोधावी लागतील म्हणाला, उद्या या. मी बुधवारी पुन्हा हजर. त्याने तिन्ही रजिस्टरं माझ्यासमोर टेबलावर आपटली, धुळीने दोघंही शिंकलो. "सर, नंदाच्या नावाने शोधलं, नवऱ्याच्या नावाने शोधलं. नाव नाही. केस नक्की आमच्याच कोर्टात होती?"

"अहो, मी स्वतः होतो! याच आवारात!"

"किती तारखा पडल्या?"

"एकच. दीडला आलो, अडीचला मोकळे. जेवायला परत घरी!"

लिपिकाने चष्मा काढला. "तासाभरात घटस्फोट?"

"ओळख होती," मी ऐटीत म्हणालो. (होय. ऐटीत.)

"न्यायाधीश कोण होते?"

"नाव नाही आठवत. पण काळा कोट होता."

"सर, इथे चहावाला सोडला तर बठ्ठे काळ्या कोटातच असतात." तो माणूस माझ्याकडे आता वेगळ्याच नजरेने बघायला लागला होता, डॉक्टर रिपोर्ट वाचून बघतात तसा. "एक करा. समोरच्या पार्टीकडे त्यांची प्रत असेल. त्यावरचा नंबर मला फोनवर कळवा. मी लगेच शोधतो."

समोरची पार्टी म्हणजे भगवान! त्याच्या अंगणात मी शेवटचा उभा होतो तेव्हा त्याचे वडील हातात काठी घेऊन मला पायरी उतरायला सांगत होते. पण उद्या गुरुवार, परवा शुक्रवार. नंदाचे दिवसातून चार फोन. "मिळाला?" "मिळतोय." "मिळाला?" "मिळाल्यासारखाच आहे." प्रकाशभाऊ आणि अक्का गुरुवारी संध्याकाळीच धुळ्यात येणार होते. गुरुवारी सकाळी शिरपूरहून ओळखीच्याची मोटारसायकल घेतली आणि देवाचं नाव घेत निघालो. (विज्ञान दुपारनंतर!)

भगवानचे वडील वारले होते, काठी दाराच्या कोपऱ्यात होती. भगवान मात्र प्रेमाने पुढे आला. "ये ना भाऊ, बस. कितला दिवसमा उना!" किती दिवसांनी आलास, म्हणाला. त्याने दुसरं लग्न केलं होतं. बायकोने पाणी दिलं, चहा दिला, कोपऱ्यात दोन पोरं अभ्यास करत होती. मी येण्याचं कारण सांगितलं तसा भगवान आत गेला, लोखंडी पेटी उघडली, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्या हातात ठेवला. जसाच्या तसा! घडीसुद्धा मोडली नव्हती. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

मी मोठ्याने वाचायला लागलो. "फारकतनामा. आम्ही उभयतां पंचांसमक्ष, राजीखुशीने..." नंबर कुठे दिसेना. उलटं केलं, पाठीमागे बघितलं. खाली तांबडा शिक्का, आणि साक्षीदार म्हणून माझीच सही, खाली दोन रेघा मारलेली. मी फोटो काढून लिपिकाला पाठवला. दोन मिनिटांत त्याचाच फोन. मी ऐटीत स्पीकर लावला.

"सर, ही नोटरी आहे. घर भाड्याने देताना करतात ना, तशी. याने घटस्फोट होत नाही."

"मग काय होतं?"

"कागद होतो."

मग मला सगळं हळूहळू आठवायला लागलं. त्या वेळी गावात पंच बसले होते, रीतीप्रमाणे काडी मोडली होती, सगळे उठायला निघाले होते. तेव्हा मीच उभा राहून म्हणालो होतो, "आजकाल अशी काडी मोडून भागत नाही, मंडळी! शिकलेली माणसं आहोत आपण. कोर्टातून रीतसर करू!" आणि सगळ्यांना जीपमध्ये घालून कोर्टाच्या आवारात नेलं. तिथे कडुनिंबाखाली टेबल टाकून काळ्या कोटातले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, काय करायचंय? मी म्हटलं, फारकत लिहायची. त्यांनी बिचाऱ्यांनी लिहून दिली. आवार कोर्टाचं, कोट काळा, शिक्का तांबडा. मला वाटलं झालं! कोर्टाच्या इमारतीची पायरीही आम्ही चढलो नव्हतो. (नंतर स्टाफरूममध्ये दोघा-तिघांना मी मोफत कायदेशीर सल्लाही दिला होता. देव त्यांच्या संसाराचं भलं करो.)

मी स्पीकर बंद केला, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. मग भगवानची बायको पुढे आली. "म्हंजे कायदामा नंदाबाईच आजून यानी बायको शे?"

मी मान खाली घातली.

"मंग मी कोन शे?"

मी घाईने चहाचा कप तोंडाला लावला. "मना दोन पोरं शेतस!" ती भगवानकडे वळली. भगवान माझ्याकडे वळला. "भाऊ, तूच बोलना व्हता ना, कोर्टमा बठ्ठं व्हई गयं म्हनीसन?" कोपऱ्यातली पोरंही वही बंद करून माझ्याकडे बघायला लागली. बाईंनी माझ्या हातातला अर्धा चहा काढून घेतला. मी दाराकडे सरकलो, तर ती काठी नेमकी माझ्या बाजूलाच होती! पण बाईंनी काठी घेतली नाही, चपला घातल्या. "वकील कोठे भेटस ते सांग आते. माले कागद पाहिजे. खरा कागद!"

धुळ्याला पोहोचलो तेव्हा प्रकाशभाऊ आणि अक्का येऊन बसले होते. समोर पोहे. मला बघून नंदा उठली, आनंदाने. "मिळाला ना?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. सांगताना एकदाही विनोद केला नाही, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव भाषण.

"म्हणजे मी बारा वर्षं त्याचीच बायको आहे," नंदा म्हणाली. "ज्या शब्दापायी माणसं दारातून परत गेली, दादा, तो शब्द माझ्या नावापुढे कधी लागलाच नव्हता." ती आत जायला निघाली. मला वाटलं, संपलं. माझ्या बहिणीचं सगळं मी एकट्याने संपवलं.

अक्का उठल्या. पर्स उचलली. मी डोळे मिटले.

"नंदा, इकडे ये. बस इथे," अक्का म्हणाल्या. "चूक तुझी नाही. कायदा कायदा करणाऱ्या माणसांचं असंच होतं. प्रकाश, थांबशील ना?"

"थांबेन की," प्रकाशभाऊ म्हणाले. "कितीही. पोहे गार होतील, नंदा, खा."

नंदा रडली, आई रडली, मीही रडून घेतलं. अक्कांनी फक्त एक अट घातली. यापुढे एकाही कागदाला मी हात लावायचा नाही.

शुक्रवारी लग्न झालं नाही. शुक्रवारी भगवानची बायको नवऱ्याला घेऊन वकिलाच्या दारात हजर झाली. आपल्याच नवऱ्याच्या घटस्फोटासाठी एवढी धावपळ करणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. परस्पर संमतीचा अर्ज झाला, तारखा पडल्या. या वेळी पायऱ्या चढून, इमारतीच्या आत. कागदांची पिशवी अक्कांकडे.

शेवटच्या तारखेला सगळे होतो. मी सगळ्यात मागच्या बाकावर. वकिलांनी आधीच दम भरला होता, साहेबांना काही शंका आली तर पुन्हा पुढची तारीख, नीट उत्तरं द्या. नंदाचे हात पदराशी चाळा करत होते. साहेबांनी अर्ज वाचला, दोघांकडे बघितलं. "बारा वर्षांहून जास्त काळ वेगळे राहता. पुन्हा एकत्र यायची इच्छा नाही. मग इतकी वर्षं अर्ज का केला नाही?"

 वकील घाम पुसायला लागले. प्रकाशभाऊंनी बाक घट्ट धरला. मीठ कमी की जास्त यावरसुद्धा ज्यांचं आठ महिन्यांत एकदाही एकमत झालं नाही, त्या नंदाने आणि भगवानने एकमेकांकडे बघितलं, दोघंही एकाच वेळी मागे वळले, आणि दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे कोण?"

"माझा मोठा भाऊ," नंदा म्हणाली.

"मना मेव्हना," भगवान म्हणाला.

साहेबांनी एक मोठा श्वास सोडला, आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता सही केली.