मास्तरांना टेनर मिळेना

मस्कतमधली आमची मराठी क्वायर जेमतेम सात-आठ जणांची, पण किस्से पन्नास जणांना पुरतील इतके! दार्सैतला कुणाच्याही घरी जमलो की एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने दुरुस्त करायचं, आणि चहा गार. सगळ्या किश्श्यांचा नायक एकच, सॅम्युएल मास्तर. मूळचे नगरचे. शुक्रवारी चर्चमध्ये ऑर्गन, बाकीचे दिवस एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत पियानो. आता ते इथे नाहीत.

*

मास्तरांच्या तोंडी सदैव अठराव्या शतकातला एक जर्मन संगीतकार. चर्चचाही नोकर, दरबाराचाही. मास्तर त्याला "आमचे थोरले बंधू" म्हणायचे! तो राजवाड्यात स्वयंपाक्यांच्या पंगतीला जेवायचा, हे सांगून झालं की म्हणायचे, "मीही काळा सूट घालून स्टाफ कॅन्टीनमध्ये कुकशेजारीच बसतो. पण त्याला राजा होता हो. मला फ्रंट ऑफिस मॅनेजर!"

*

जालन्याचा विजय नवा नवा आला. आवाज टेनर, म्हणजे पुरुषांतला वरच्या पट्टीचा! मास्तर हरखून गेले. हा पठ्ठ्या रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला हजर. गेटवर चिटपाखरू नाही. फोन केला, "मास्तर, कोणीच आलेलं नाही!"

"अरे, इथे आपला रविवार शुक्रवारी असतो. परवाच झाला!"

पुढच्या शुक्रवारी आला, सुरेख गायला. थोड्याच दिवसांत कंपनीने त्याला तिकडे दूर खाबुऱ्याच्या साइटवर पाठवलं. तिथे शुक्रवारीही ड्यूटी.

*

टेनरचं हे दुखणं जुनंच. मास्तरांनी एका स्तोत्राला चार आवाजांची चाल बांधली होती. टेनरशिवाय ती तीन पायांच्या खाटेसारखी वाटायची.

"थोरल्या बंधूंना दर रविवारी नवं लिहावं लागायचं, बिचारे! पण ते त्याच रविवारी गायलंही जायचं," मास्तर म्हणायचे. "माझं एकच आहे. एकदा पुरं ऐकवा."

"होईल हो मास्तर, घाई काय आहे!" आम्ही म्हणायचो. कुणी सुट्टीवर, कुणाची शिफ्ट. त्याचं आजही फार वाईट वाटतं.

*

हॉटेलने आपोआप वाजणारा पियानो आणला. पट्ट्या खाली-वर, स्टूल रिकामं! मास्तर समोरच्या सोफ्यावर बसून ऐकत राहिले. मॅनेजरने विचारलं, "कैसा है?"

"ताल पक्का है, साब. और खाना भी नहीं मांगता!"

पुढच्याच आठवड्यात मास्तरांचा व्हिसा कॅन्सल. खलास.

*

मास्तरांचा शेवटचा शुक्रवार. संध्याकाळचं विमान. उपासना संपल्यावर आम्ही ते स्तोत्र धरलं, टेनर नसतानाच. आमच्यानंतर हॉल मल्याळी मंडळींचा, त्यामुळे ती नेहमीसारखी व्हरांड्यात ताटकळत उभी.

दुसऱ्या कडव्याला दारातून आवाज आला. टेनर! शब्द मराठी, उच्चार मल्याळी, पण सूर एकही इकडचा तिकडे नाही. मास्तरांचे हात चालू राहिले, मान तेवढी दाराकडे वळली.

बँकेत काम करणारा थॉमस होता. आमच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "आपको ये कैसे आता है?"

"बाहर से सुनता है ना, सर, इतना साल से. एक पार्ट खाली रहता था. मैं घर में गाता था."

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. कुणालाच त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. मग ते थॉमसला म्हणाले, "शुरू से एक बार गाएगा?"

तोवर त्याची मंडळी आत येऊन खुर्च्या सरकवायला लागली होती. थॉमस लाजून हसला.

"नेक्स्ट फ्रायडे, सर. पक्का!"