ओझं आलं की बसणारी डिस्क

दुकानदाराने कॉम्प्युटरचा डबा टेबलावर घेतला, फणस पिकलाय का बघतात तशी त्यावर टिचकी मारली, चालू केला, आतली टकटक ऐकली आणि म्हणाला, "डिस्क गेली, आजोबा."

तोंडात मावा. बोलताना एक थेंब डब्यावर उडाला, तो त्याने अंगठ्याने पुसला आणि अंगठा पँटीला. मला शिसारी आली. मी म्हटलं, "उघडून तरी बघ." तर म्हणतो, "उघडून काय बघायचं? लोड आला की बसते म्हणजे गेली. पुण्याला पाठवा, पण तिकडेही हमी नाही." आठ दिवस डबा त्याच्याकडे पडून होता आणि तपासणी ती एवढी. मी वायरी गुंडाळल्या, डबा काखेत मारला आणि रिक्षाने भाट्याला घरी आलो. वाटेत त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही.

त्या डिस्कमध्ये माझा थोरला भाऊ होता. आमच्या वाडीच्या भजनाचा बुवा. त्याच्या चाली त्याच्या स्वतःच्या. कागदावर एक अक्षर नाही. माणसं टेप लावायची आणि त्या कॅसेटी दोन ट्रंका भरून आमच्या घरी जमल्या. तो गेल्यावर त्याची मुलगी, ती सावर्ड्याला शाळेत शिकवते, दर सुट्टीत येऊन एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर चढवायची. सगळ्या चढल्या. कॅसेटींवर बुरशी धरली होती. ट्रंक उघडली की घाण वास घरभर. मी त्या माडाखाली नेऊन जाळल्या. पुतणी म्हणाली होती, "काका, थांबा, आधी दुसरीकडे एक कॉपी होऊ दे." मी थांबलो नाही. मला घाण सहन होत नाही.

आणि दोन महिन्यांनी ही डिस्क आजारी. एखादं भजन लावलं तर सरळ वाजायचं. पण पुतणी टेपची खरखर काढून सगळी भजनं पुन्हा त्याच डिस्कवर, जुन्यांच्या जागी, उतरवायला बसली आणि जोडीला दुसऱ्या डिस्कवर कॉपी लावली, की दहा मिनिटांत आतून टक, टक, टक. मग पडदा निळा.

दुकानातून डबा परत आला त्या रविवारी ती दुपारी आली. तोंड उतरलेलं.

"काय म्हणाला तो?"

"तो काय म्हणणार? म्हशीचा डॉक्टर बरा. एक भजन लाव."

तिने लावलं. वाजलं. दादाचा आवाज माजघरात आला तशी ती खिडकीकडे बघायला लागली.

"आता दोन कामं एकदम दे."

"नको काका. उरलंसुरलंही जाईल."

"दे म्हणतो ना."

तिने दिलं. थोड्या वेळाने टकटक. मी तिला लगेच बंद करायला लावलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण मासेमारीच्या लाँचच्या इंजिनांत माझं आयुष्य गेलं आणि हा रोग मी शंभर वेळा बघितलाय. खलाशी येऊन सांगायचा, बॅटरी मेली. मी विचारायचो, दिवा लागतो का? लागतो. मग इंजिन चालू करायला सेल्फ मारला की काय होतं? दिवा विझतो आणि टक असा आवाज येतो. मग बॅटरी मेलेली नसते रे बाबा. टर्मिनलला खाऱ्या हवेने हिरवं चढलेलं असतं. दिव्यापुरती वीज त्यातून जाते, सेल्फपुरती जात नाही.

मी विचारलं, "हिला वीज कुठून मिळते?"

"वीज?" पुतणी म्हणाली. "काका, ही डिस्क आहे, लाँच नाही."

"फिरते ना? मग हिलाही खायला लागतं. दाखव."

डब्याचं एका बाजूचं झाकण कधीच लावलेलं नसायचं, आत उबतं म्हणून मीच ते काढून ठेवलं होतं. तिने प्लग काढला, खालून टॉर्च मारला. डिस्कच्या पिना आणि प्लगचं तोंड काळपट लाल रापाने भरलेलं, आणि कडेला हिरवं. मी नखाने खरवडलं. राप ओलसर होता, बोटाला चिकटला. उंदराने काहीतरी केलंय असं वाटलं.

"ही कसली घाण? कोणी केली?" मी ओरडलो.

तिने प्लग उलटून बघितला.

"अगो, विचारतोय मी. त्या दुकानदाराने?"

तिने प्लग खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "काका, कुंकू आहे ते."

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मी लाँचवर इंजिनाच्या पत्र्याला कुंकू कधी लावलं नाही, लावायचं ते थेट पंपाला. बाहेरून टिळे ओढणाऱ्यांना मी हसायचो. डिस्क आजारी पडायच्या आधीच्या दसऱ्याला झाकण उघडं होतं. मी पाण्यात बोट बुडवून डिस्कच्या मागे, प्लगवर, भरपूर हळद-कुंकू लावलं, वर तांब्यातलं पाणीही शिंपडलं. माझा भाऊ त्यात आहे म्हणून जरा जास्तच. पुतणी तेव्हा म्हणाली होती, "काका, बाहेरून लावा." मी तिला म्हटलं होतं, "तू मला यंत्र शिकवू नकोस."

बोटाला तो लाल चिखल लागलेला होता. मी विहिरीवर जाऊन हात धुतला, साबण लावून दोनदा धुतला. आयुष्यभर ग्रीस लागलं या हाताला, त्याची कधी घाण वाटली नाही. त्या दिवशी वाटली.

परत येऊन स्पिरिट घेतलं, जुना दातांचा ब्रश घेतला आणि पिना एकेक करून साफ केल्या. प्लगला हात लावला नाही, तो खाल्लेलाच होता. वीज देणाऱ्या डब्यातून आणखी एक सुटी वायर आली होती, ती जोडली. पुतणीला सांगितलं, खरखर-बिरखर काढायची नाही. एका वेळी एकाच कॅसेटची भजनं दुसऱ्या डिस्कवर उतरव, मध्ये हिला दम खाऊ दे.

संध्याकाळच्या चहापर्यंत सगळं उतरलं. टक नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "काही उघडत नाहीत, काका." बंद पडताना जी भजनं त्यावर उतरत होती, ती तुटली होती. दादाच्या शेवटच्या वर्षाची होती. काही अर्धी, काही नुसती नावं.

ती एकेक नाव पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिली. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "बोल काहीतरी. शिव्या घाल."

"सगळ्या जगाच्या वाटच्या तुम्हीच घालता. मला कुठे शिल्लक ठेवता? उठा, चहा निवतोय."

पुढच्या गुरुवारी देवळात भजनाला मंडळी जमली, तेव्हा पुतणीने मोबाइलवर दादा लावला. पहिली दोन भजनं ऐकून सगळे डोलले. तिसऱ्यात अर्ध्या चरणावर आवाज तुटला. पखवाजवाला म्हणाला, "च्यायला, हे काय? कोणी तोडलं?"

दुकानदाराचं नाव तोंडाशी आलं होतं. गिळलं.

"मी," म्हटलं. "पूजा करून."

कोणी हसलं, कोणी हसलं नाही. पेटीवाला म्हणाला, "मग पुढचा चरण तू म्हण. तू होतास ना त्याच्या शेजारी टाळ घेऊन."

म्हटला. चाल चुकली नाही. आवाजाबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि पुतणीने रेकॉर्ड करायला मोबाइल माझ्यासमोर धरला तोही मी ढकलला नाही.