लंडनवरून जाणारं विमान

घरातलं कुणी परगावी गेलं की पोचल्याचा फोन येईपर्यंत माय जेवत नाही. मी नांदुऱ्याहून बुलढाण्याला कॉलेजात जातो तेव्हा हे दोन तासांवर निभतं. पण दादा वेल्डिंगच्या कामावर कॅनडाला निघाला, आणि मायला शुगर आहे.

आदल्या दिवशी तिनं मला विचारलं, "किती वेळ लागते रे तिथं जायाले?" घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. मी मोबाइलवर पाहिलं. मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, साधारण सोळा तास. लंडनवरून जाणार, असं दादा म्हणाला होता. बुलढाण्याची एसटी खामगाववरून शेगावला जाते, स्टँडवर दहा मिनिटं थांबते, तसंच काही असेल असं आम्ही सगळ्यांनी धरलं. विमानात आमच्यापैकी कुणी बसलेलं नव्हतं.

विमान रात्री दोनला सुटलं. म्हणजे संध्याकाळी सहाला पोचणार. मायनं सकाळी सवयीनं शुगरची गोळी घेतली आणि ताट मात्र झाकून ठेवलं.

सात वाजून गेले तरी दादाचा फोन बंदच. माय भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम, पदर धरलेला हात थरथरत होता. उपाशीपोटी गोळी घेऊन शुगर उतरली होती. बाबांनी साखरेची वाटी पुढं केली, तिनं ती सरकवली.

"आधी त्याले उतरू द्या."

बाबांनी मला ओट्यावर नेलं. "सांगून टाक बे, पोचला म्हून. तुयावर इस्वास हाय तिचा."

मला त्या विश्वासाचीच भीती वाटत होती. तरी आत गेलो. "दादा..." एवढंच म्हणालो.

मायनं वर पाहिलं. "काय म्हने?"

पुढं बोलवेना. "अजून नाही आला फोन."

 मायला डॉक्टरकडे न्यायला बाबा रिक्षा बघायला उठले, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून दादा बोलला. "मी लंडनलेच हाओ. दिवसभर इथंच बसून राह्यलो. वायफायले ओटीपी मांगते, तो येतच नाही. लोकाले फोन मागाची लाज वाटे. आता दुसरं विमान लागून राह्यलं. अजून आठ तास."

मी फोन मायच्या कानाला लावला.

"पोचला का तू?"

"नाही ना माय. तू जेव."

"मंग मी तू पोचल्यावरच जेवीन."

फोन तुटला. मी तिच्याजवळ बसलो. "माय, तो अर्ध्याच्या वर गेला. खरंच. सात हजार किलोमीटर झाले."

तिनं माझा चेहरा निरखला. "बाबानं सांगतलं म्हून तं नाही म्हनत?"

"नाही."

तिनं ताटावरचं झाकण काढलं आणि भाकरी मोडली. अर्ध्याच्या वरचा तुकडा साखर घालून खाल्ला. उरलेला लहान तुकडा दादा पोचेपर्यंत ताटात ठेवून तिनं परत झाकण घातलं, आणि मला फोन चार्जिंगला लावायला सांगितलं.